गिटारच्या पेडलमधून गाण्याचा माइक: पिन बसते, पण जमत का नाही?

प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या नाटकात एक गाणं आहे आणि त्यातल्या काही शब्दांनी घुमत घुमत विरून जायला हवं. गिटार वाजवणाऱ्या मित्राकडे डिलेचं पेडल आहे, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणारा, पायाने चालवायचा डबा. माइक शुअर एसएम ५८. एका टोकाला एक्सएलआर (माइकची तीन काट्यांची गोल जोडणी) आणि दुसऱ्याला मोठी पिन अशी केबल मिळाली, पिन पेडलमध्ये बसली, पेडलमधून दुसरी केबल मिक्सरला गेली. आवाज मात्र अगदी क्षीण. मिक्सरचा गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) पूर्ण उघडला की नुसती सळसळ, अजून फेडर (आवाजाची सरकती पट्टी) चढवला की शिट्टी. वर मित्राला धास्ती, की माइक लावून पेडल जळणार तर नाही.

तू सेकंड इयरला आहेस असं लिहिलंयस, म्हणून सरळ अगं-तुगं करतो. वीसेक वर्षं मिक्सरच्या मागे काढली आहेत, तेवढा हक्क घेतो.

मित्राची धास्ती आधी घालवू. माइक जोडल्याने पेडल जळत नाही. माइक देतो तो करंट इतका किरकोळ असतो की त्याने काहीही जळणार नाही. पेडल जळतं ते दुसऱ्याच एका चुकीने. ती मी स्वतः केलेली आहे, पुढे सांगतोच.

आता आवाज बारीक का, ते बघू. एसएम ५८ हा १९६६ पासून बाजारात असलेला डायनॅमिक माइक. आत पातळ पडदा, त्याला चिकटलेली तारेची गुंडाळी आणि भोवती चुंबक. तू गातेस, पडदा हलतो, गुंडाळीत वीज तयार होते. किती? ९४ डेसिबलच्या आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट, असं त्याचं माहितीपत्रक सांगतं. ओठ जाळीला टेकवून वरच्या पट्टीत मोकळा आवाज लावलास तर दहा-वीस मिलिव्होल्टपर्यंत जाईल. हळुवार ओळ असेल तर दोनच्या आसपास. उलट इलेक्ट्रिक गिटारची तार नीट छेडली की शंभर ते पाचशे मिलिव्होल्ट सहज मिळतात. बॉसच्या बहुतेक लहान पेडलांच्या कागदावर अपेक्षित पातळी लिहिलेली असते, उणे २० डीबीयू (डीबीयू हे सिग्नलची पातळी मोजायचं एकक). ती म्हणजे सुमारे ७८ मिलिव्होल्ट. पेडलला हवेत ७८ आणि तू देतेस दोन-तीन.

आता तू म्हणशील, मग पुढे मिक्सरवर वाढवू की. तेच तू केलंस, आणि तिथेच घोळ झाला. पेडलच्या आतल्या सर्किटची स्वतःची एक सळसळ असते. गिटारच्या दणदणीत सिग्नलखाली ती ऐकू येत नाही. तुझा सिग्नल तिच्यापेक्षा जेमतेम वर. पेडलनंतर तीसपट वाढवलंस की सळसळही तीसपट वाढली. पेडल डिजिटल असेल तर आणखी एक नुकसान आहे. आवाजाचे आकडे करताना दर सहा डेसिबलला एक बिट लागतो. तीस डेसिबल कमी सिग्नल दिला की पाच बिट वाया गेले, आवाज खरबरीत होतो. जुन्या पद्धतीचं अ‍ॅनलॉग डिले असेल तर त्यात सळसळ दाबण्यासाठी आवाज आधी आवळून मग सोडणारं सर्किट असतं. क्षीण सिग्नलला ते नीट सोडत नाही, प्रतिध्वनीची शेपटी मधेच तुटते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? जे वाढवायचं ते पेडलच्या आधी वाढवायचं.

इथे एक गोष्ट बाजूला करतो, कारण शोधलंस की तीच पहिली सापडेल: ‘इंपिडन्स (सिग्नलला होणारा विजेचा विरोध) जुळत नाही.’ हे अर्धंच खरं. माइकचा इंपिडन्स दीडशे ते तीनशे ओहम, पेडलच्या इनपुटचा बहुधा दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम. कमी इंपिडन्समधून जास्त इंपिडन्समध्ये जाताना व्होल्टेज घटत नाही. घटतं ते उलट दिशेने, गिटार थेट मिक्सरच्या माइक इनपुटला लावली की. तुझ्या बाबतीत दुखणं इंपिडन्सचं नाही, पातळीचं आहे. हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आणि मोठ्या पिनेची फसवणूकही ओळखून ठेव. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जिला पी-३८ म्हणतात, ती पिन गिटारलाही असते, कराओकेच्या माइकलाही असते आणि अ‍ॅम्प्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरलाही असते. तिन्हीतून वाहणारा सिग्नल एकमेकांपासून दहापटीपासून हजारो पटींपर्यंत वेगळा. पिन बसली म्हणजे जमलं, असं या धंद्यात कधीच नसतं.

तुमच्याकडे मिक्सर आहे, म्हणून सगळ्यात चांगला उपाय फुकटात आहे. माइक नेहमीच्या एक्सएलआर केबलने थेट मिक्सरला लाव. पेडल माइकच्या वाटेत ठेवायचंच नाही, बाजूला ठेवायचं. मिक्सरच्या मागे किंवा वर ‘ऑक्स सेंड’ किंवा ‘एफएक्स सेंड’ लिहिलेलं भोक असेल, चॅनलमधल्या आवाजाचा एक वाटा बाहेर देणारं. तिथून पी-३८ मोनो केबलने पेडलच्या इनपुटला. पेडलच्या आउटपुटमधून दुसरी तशीच केबल एखाद्या रिकाम्या चॅनलच्या लाइन इनपुटला. ‘ऑक्स रिटर्न’ असंही भोक असतं, पण मी ते वापरत नाही. चॅनलवर परत आणलं की फेडर हाताशी येतो आणि ट्रेबल-बासही कमी-जास्त करता येतो. त्या चॅनलवर चिकटपट्टी लावून ‘डिले’ लिहून ठेव. ऐन प्रयोगात कोणीतरी उत्साही मुलगा ‘हा कशाचा?’ म्हणत तो बंद करतोच.

म्हणजे काय झालं? माइकचे दोन-तीन मिलिव्होल्ट आधी मिक्सरच्या प्रीअ‍ॅम्पने वाढवले, मग त्यातला थोडा वाटा पेडलकडे गेला, आणि पेडलचा घुमणारा आवाज तुझ्या मूळ आवाजाशेजारी वेगळ्या फेडरवर आला. तुझा मूळ आवाज पेडलला शिवलाच नाही. समज प्रयोगात पेडलची बॅटरी संपली, तरी तुझं गाणं चालू राहील. थेट वाटेत असतं तर तू मुकी झाली असतीस.

पातळी लावताना आता उलटी काळजी घ्यायची. मिक्सरची सर्वसाधारण पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट. पेडलला हवेत उणे २०. चोवीस डेसिबलचा फरक, सोळा पटींचा. आधी उपास होता, आता अजीर्ण होईल. म्हणून ऑक्सचा मुख्य नॉब पूर्ण बंद करून सुरुवात कर. माइकच्या चॅनलचा गेन नेहमीसारखा लाव आणि त्याच चॅनलवरचा छोटा ऑक्स नॉब उघडा ठेव. तुझी सगळ्यात चढी ओळ पूर्ण ताकदीने गा, साउंड चेकला गुणगुणतात तशी नाही. कोणालातरी ऑक्सचा मुख्य नॉब हळूहळू उघडायला सांग आणि फक्त डिलेचा चॅनल हेडफोनवर ऐकायला सांग. एका जागी प्रतिध्वनीच्या कडा चिरकायला लागतील, कोरडा कागद फाटल्यासारखा आवाज येईल. तिथून चांगला चतकोर नॉब मागे घे आणि पेनाने खूण कर.

दुसरी खबरदारी, आणि ही विसरलात तर सभागृह हादरेल: डिलेच्या चॅनलवरचा तोच ऑक्स नॉब शून्यावर हवा. नाहीतर पेडलचा आवाज पुन्हा पेडलमध्ये जातो, तिथून पुन्हा, आणि दोन-चार सेकंदांत स्पीकर बोंबलायला लागतात. गंमत म्हणजे हीच चूक मुद्दाम, मोजूनमापून करून जमैकातल्या ध्वनितंत्रज्ञांनी ‘डब’ नावाची संगीताची एक अख्खी शैली उभी केली. १९७० च्या दशकात किंग्स्टनमध्ये किंग टबीसारखा माणूस मिक्सरलाच वाद्य समजून वाजवायचा. त्याचं ऐक जरूर, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत हा प्रयोग नको.

पेडलवरचा ‘मिक्स’ नॉब पूर्ण घुमाऱ्याकडे फिरव. कोरडा आवाज तुला मिक्सरवर आधीच मिळतो आहे, तो पेडलमधून पुन्हा नको. का नको? काही पेडलं कोरडा आवाजही आकड्यांत रूपांतर करून मग बाहेर सोडतात, त्यात एक-दोन मिलिसेकंद जातात. दोन मिलिसेकंद उशिरा आलेला तोच आवाज मूळ आवाजात मिसळला की २५० हर्ट्झ, ७५० हर्ट्झ, १२५० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात आणि तू पत्र्याच्या डब्यात तोंड घालून गातेयस असं वाटतं. काही पेडलांना हा कोरडा आवाज पूर्ण बंद करायची सोय असते. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या फ्लॅशबॅकमध्ये मागचं झाकण उघडलं की आत बारीक स्विच आहेत, त्यातला एक त्यासाठीच आहे. आणि बॉसच्या जुन्या डीडी मालिकेतल्या काही पेडलांत कोरडा आवाज जाणारच, ‘ई. लेव्हल’ फक्त प्रतिध्वनी कमी-जास्त करतो. तसं असेल तर जीव टांगणीला लावू नकोस. डिलेचा फेडर खाली असतो, खड्डे उथळच पडतात.

आता तुझं खरं काम: काही शब्दच घुमायला हवेत, अख्खं गाणं नको. इथे बहुतेक जण पेडलवर पाय मारायच्या मागे लागतात. शब्दाआधी चालू, शब्दानंतर बंद. मग होतं काय, की बंद केल्याक्षणी शेपटीही कापली जाते. (काही पेडलं बंद केल्यावरही शेपटी विरू देतात, तुझ्या मित्राचं तसं आहे का ते बघ.) आणि चालू करताना पाय अर्ध्या मात्रेने चुकला तर आधीचा शब्दही घुमतो. याऐवजी पेडल पूर्ण वेळ चालू ठेवायचं. माइकच्या चॅनलवरचा ऑक्स नॉब बंद. ओळीचा शेवटचा शब्द आला की तो नॉब उघडायचा आणि शब्द संपताच बंद करायचा. तेवढाच शब्द पेडलमध्ये शिरतो आणि निवांत विरत जातो. तू पुढची ओळ कोरडी सुरू करतेस, मागे आधीचा शब्द अजून फिरत असतो. हा मनगटाचा खेळ आहे, चार तालमींत बसतो.

शब्द कोणता निवडतेस यावरही बरंच आहे. ‘दूर’, ‘जा’, ‘राने’ असे स्वरावर किंवा मऊ व्यंजनावर टेकणारे शब्द सुंदर विरतात. ‘आकाश’ किंवा ‘दिवस’ निवडलास तर प्रत्येक फेरीत श, श, श असा फवारा उडतो. तसाच शब्द असेल तर नॉब ‘का’वर उघडून ‘श’ यायच्या आत बंद करायचा. घुमताना ‘आका, आका’ असंच ऐकू येतं, पण श्रोत्याचा कान ‘श’ आपला आपण भरून घेतो. खोटं वाटेल, करून बघ. शिवाय डिलेच्या चॅनलवर ट्रेबल अंमळ कमी कर, लो-कटचा स्विच असेल तर दाब. खऱ्या दरीतही लांबून परतलेला आवाज बोथट होऊनच येतो.

डिलेचा वेळ गाण्याच्या लयीतून काढ. मिनिटाला ९० मात्रा असतील तर ६०,००० भागिले ९०, म्हणजे ६६७ मिलिसेकंदांची एक मात्रा. केरव्याच्या अंगाचं गाणं असेल तर एक मात्रा किंवा दोन मात्रा ठेव. दादऱ्यात दोन मात्रांचा डिले लावला तर प्रतिध्वनी तालाशी भांडतो, तिथे एक किंवा तीन. मागे तबला-ढोलकी नसेल आणि गाणं मुक्त लयीत असेल तर हिशेब सोडून दे, कानाला बरं वाटेल ते ठेव.

तू स्वतःच पायाने चालवायचं म्हणत असशील तर पेडल मंचावर यावं लागेल, आणि केबलांची लांबी हा नवा प्रश्न येतो. ऑक्स सेंडचा इंपिडन्स शे-दीडशे ओहम असतो, त्यामुळे पंधरा-वीस मीटर लांब केबलनेही तो ट्रेबल गमावत नाही. परतीसाठी मात्र पेडलशेजारी डीआय बॉक्स ठेव. पेडलची मोठी पिन त्यात जाते आणि दुसऱ्या बाजूने एक्सएलआरमधून माइकच्या पातळीचा, दोन तारांचा तोललेला सिग्नल मंचावरच्या जोडणीच्या बॉक्समध्ये (जिथून सगळ्या तारा मिक्सरकडे जातात) जातो. वाटेत घूं शिरली तरी दोन्ही तारांवर सारखीच शिरते आणि मिक्सरला पोचल्यावर वजा होते.

हा डीआय बॉक्स न वापरण्याचीच माझी ती चूक. सुरुवातीची वर्षं होती, गावाकडच्या एका गॅदरिंगला मंचावर जोडणीच्या बॉक्समध्ये फक्त एक्सएलआरची भोकं शिल्लक होती. मी पी-३८ ते एक्सएलआर अशी घरी सोल्डर केलेली केबल काढली आणि एकाचं कोरस पेडल थेट त्यात जोडलं. तालमीला छान वाजलं. कार्यक्रमाआधी निवेदिकेसाठी कोणीतरी कंडेन्सर माइक आणला, त्याला फँटम पॉवर, म्हणजे मिक्सरने केबलवाटे पाठवलेली वीज, लागते, मी मिक्सरवरचं बटण दाबलं. लहान मिक्सरवर ते बटण सगळ्या चॅनलांना एकच असतं. म्हणजे ४८ व्होल्ट त्या निवेदिकेच्या माइककडे गेले तसेच केबलवाटे उलटे पेडलच्या आउटपुटमध्येही शिरले. तिथे बसलेला कपॅसिटर सोळा व्होल्टचा, आणि दाब उलट्या दिशेने. स्पीकरमधून एक फट् आलं, मग तळणीत मोहरी टाकल्यासारखी तडतड, मग काहीच नाही. पेडल उघडलं तेव्हा तो वास आला, ज्याला आला तो विसरत नाही. दुरुस्ती चार आण्यांच्या कपॅसिटरची होती, पण ज्याचं पेडल होतं तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही.

तर मित्राला सांग: पेडलची पिन आणि मिक्सरचं एक्सएलआर भोक यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय असल्याशिवाय थेट केबल नको. मिक्सरच्या मोठ्या पिनेच्या लाइन इनपुटमध्ये जोडलंत तर ही भीती नाही, फँटम फक्त एक्सएलआरच्या भोकांतून बाहेर येते.

घूं आली तर काय? आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, किंवा अडॅप्टर फडतूस असेल तर १०० हर्ट्झची, जरा कडक. पेडलला बॅटरी बसत असेल तर अडॅप्टर काढून नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघ. घूं गेली तर गुन्हेगार अडॅप्टर. गेली नाही तर मिक्सर आणि पेडलचा अडॅप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आण, डीआयवर ‘ग्राउंड लिफ्ट’ स्विच असेल तर तो फिरवून बघ. डिजिटल पेडलं बॅटरी भराभर खातात, म्हणून प्रयोगाला अडॅप्टरच ठेव, पण पेडलवर छापलेलं चिन्ह बघून. बहुतेक गिटार पेडलांना मधला टोक ऋण लागतो, घरातल्या राउटरच्या अडॅप्टरला तो सहसा धन असतो. राउटरचा अडॅप्टर पिनेत बसतो, हे वर सांगितलेल्या पिनेच्या फसवणुकीचंच भावंड.

आणि घूं घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन काढणारा कोणी ‘अनुभवी’ भेटला तर त्याला मंचावरून खाली उतरव. माइकची जाळी केबलच्या जाळीवाटे मिक्सरच्या अर्थला जोडलेली असते. गिटारच्या तारा गिटार अ‍ॅम्पच्या अर्थला. दोघांच्या अर्थमध्ये फरक पडला, की हात तारांवर आणि ओठ माइकला अशा अवस्थेत बसतो तो झटका थेट ओठाला. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात मी माइकला तोंड लावण्याआधी त्याची जाळी टेस्टरने तपासतो. लोक हसतात, हसू देत.

शिट्टीचंही बोलून टाकू. डिले किंवा रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा देणारं पेडल) म्हणजे तुझाच आवाज स्पीकरमधून पुन्हा पुन्हा बाहेर येणं, तो प्रत्येक वेळी माइकमध्ये थोडा थोडा शिरतो. तुझ्या समोरच्या मॉनिटरमध्ये (गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये) डिलेचा चॅनल अजिबात पाठवू नकोस. स्वतःला घुमताना ऐकायचा मोह प्रत्येक गाणाऱ्याला होतो, आणि तिथूनच शिट्टी सुरू होते. पेडलवरचा ‘फीडबॅक’ नॉब, म्हणजे किती वेळा घुमायचं तो, दहा वाजण्याच्या स्थितीच्या पुढे नको. मोकळ्या सभागृहात त्याला सभागृहाची स्वतःची घुमही मिळते.

मिक्सर हाताशी नसेल, समज रस्त्यावर एका अ‍ॅम्पवर गायचं आहे, तर एक्सएलआरचं भोक आणि पी-३८ची पिन असलेला, हाताच्या मुठीत मावणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. आत वेढ्यांचा फरक असतो, त्यामुळे व्होल्टेज दहा-पंधरा पट वाढतं. दोन मिलिव्होल्टचे वीस-तीस होतात आणि मोकळ्या आवाजाला दीडशेच्या वर. पेडलला तेवढं पुरतं. तो पेडलच्या तोंडाशीच लावायचा, माइकच्या तोंडाशी नाही. कारण त्याच्या पुढचा सिग्नल जास्त इंपिडन्सचा असतो आणि लांब केबलमध्ये ट्रेबल गळून जातो. लांब केबल हवी तर ती माइक आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामध्ये घाल. त्याहून थोडे पैसे असतील तर लहानसा माइक प्रीअ‍ॅम्प, त्यापुढे पेडल. अजून असतील तर रेडियलचा व्होको-लोको किंवा इव्हेंटाइडचा मिक्सिंगलिंक असे डबे मिळतात. माइक आत, मधे गिटारची पेडलं लावायची सोय, पुन्हा एक्सएलआर बाहेर. थोडक्यात, वर सांगितलेला ऑक्सचा खेळ एका डब्यात बसवलेला. आणि रोज गाणारीने गिटारचं पेडल मागत फिरण्यापेक्षा बॉस व्हीई-२० सारखं मुळात गाण्यासाठीच केलेलं पेडल घ्यावं असं माझं मत आहे. तीन प्रयोगांसाठी नाही.

एक आडवाटेची सोय: कॉलेजकडे कॉर्डलेस माइक असेल तर त्याच्या रिसीव्हरच्या पाठीमागे बघ. बऱ्याच रिसीव्हरांना एक्सएलआरशेजारी मोठ्या पिनेचंही आउटपुट असतं आणि त्याची पातळी गिटारच्या जवळपास जाते. तिथून पेडलला थेट केबल टाकली तर काम होतं, ट्रान्सफॉर्मर लागत नाही. आणि तुमच्यात कोणी माउथ ऑर्गन वाजवत असेल तर त्यांचं आणखी सोपं. शुअरचा तो हिरवा, मुठीत धरायचा गोलमटोल ‘ग्रीन बुलेट’ १९४९ पासूनचा, जास्त इंपिडन्सचा, आजच्या मॉडेलला मोठी पिनच असते. तो गिटारच्या पेडलला आणि अ‍ॅम्पला जन्मजात जुळतो. त्यावर गायलीस तर मात्र जुन्या रेडिओतून गाते आहेस असं वाटेल.

बाकी पेडलांपैकी आवाजाला काय शोभतं? डिले आणि रिव्हर्ब हमखास. त्यात नवल नाही, टेपवरचा इको गाण्यांवरही गाजला, आणि रोलंडच्या १९७४ च्या स्पेस इको यंत्राला माइकची वेगळी भोकंच होती. कोरस (एका आवाजाचे अनेक भासवणारं) चिमूटभर. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारं) मंचावर जपून, कारण ते बारीक आवाज उचलून मोठ्याच्या पंगतीला बसवतं: तुझा श्वास, मागचा पंखा, मॉनिटरची कुजबुज, सगळंच. शिट्टी ठरलेली. नाटकात फोनवरचा आवाज हवा असेल तर मात्र हलकं ओव्हरड्राइव्ह (डिस्टॉर्शनचाच सौम्य प्रकार) चांगलं चालतं. मिक्सरवर ३०० हर्ट्झच्या खालचं आणि ३४०० हर्ट्झच्या वरचं छाटून टाक, फोनची जुनी पट्टी तेवढीच होती. दोन ट्रान्झिस्टरची जुन्या घराण्याची फझ (डिस्टॉर्शनचाच खरखरीत प्रकार) पेडलं माइकवर लावू नकोस. त्यांना गिटारच्या पिकअपची गुंडाळीच समोर हवी असते, मिक्सरमधून दिलं की ती कर्कश होतात. जुन्या पद्धतीच्या ऑक्टेव्ह पेडलला (सूर सप्तकभर वर-खाली करणाऱ्या) एका वेळी एकच सूर कळतो, शेजारी हार्मोनियम असेल तर ते गोंधळून कोंबड्यासारखं आरवतं.

घरी रेकॉर्ड करणार असशील तर याहून सोपं आहे. आवाज कोरडाच रेकॉर्ड कर. नंतर ऑडिओ इंटरफेसच्या जादाच्या आउटपुटमधून तो पेडलला पाठव, पातळी वीसेक डेसिबल कमी करून, आणि पेडलचा आवाज दुसऱ्या ट्रॅकवर घे. आवडला नाही तर पुन्हा कर, गाणं पुन्हा गावं लागत नाही.

उद्याच्या तालमीला चार-पाच मीटरच्या दोन पी-३८ मोनो केबल घेऊन जा. स्टिरिओ नकोत, तीन पट्ट्यांची पिन दिली तर परत कर. पेडल मिक्सरशेजारी टेबलावर ठेव. त्या गाण्यात गिटार नसेल तर ऑक्सचा नॉब मित्राच्याच हातात दे. डिले कुठे उघडायचा हे त्याला तुझ्यापेक्षा लवकर कळेल, आणि पेडलवर त्याची नजरही राहील.